कचऱ्याचा ढीग आणि दूरची विहीर

पावसाचे पाणी कचऱ्याच्या ढिगातून झिरपते, ते चहाच्या भुकटीवर गरम पाणी ओतावे तसेच. जे जे विरघळण्यासारखे, ते ते पाण्याबरोबर खाली उतरते: क्षार, अमोनिया, कुजण्यातून तयार झालेली आम्ले, कधी शिसे व कॅडमियमसारखे धातूही. या काळपट, उग्र वासाच्या पाण्याला ‘लीचेट’ म्हणतात. खाली अस्तर नसेल तर ते थेट जमिनीत मुरते. १९९० च्या दशकात पुण्याचा कचरा उरुळी देवाची व फुरसुंगी येथे उघड्यावर पडू लागला आणि पुढे तेथील विहिरींचे पाणी बिघडले.

मग विहीर ढिगापासून किती दूर असली म्हणजे निर्धास्त राहावे?

१८५६ साली दार्सी या फ्रेंच अभियंत्याने वाळूतून पाणी पाझरवून एक नियम मांडला. पाझरण्याचा वेग पाण्याच्या पातळीच्या उताराच्या प्रमाणात असतो. समजा, वाळूची पार्यता दिवसाला १० मीटर आहे, उतार १०० मीटरला १ मीटर आहे आणि वाळूत २५ टक्के पोकळी आहे. तर पाण्याचा वेग १० × ०.०१ ÷ ०.२५, म्हणजे दिवसाला ०.४ मीटर. अर्धा किलोमीटर जायला सुमारे साडेतीन वर्षे! तोवर गावात कोणाला शंकाही येत नाही.

पण पुण्याखाली वाळू नाही, काळा पाषाण आहे. अखंड पाषाणातून पाणी जवळजवळ जातच नाही. ते भेगांतून आणि मुरमातून वाट काढते. त्यामुळे जवळची विहीर गोड राहून दूरची नासू शकते. आमचे सोपे गणित येथे लंगडे पडते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

आणखी एक गंमत, खरे तर गंमत नव्हेच. विहिरीवर पंप लावला की तिच्यातील पातळी खाली जाते, भोवतालचा उतार विहिरीकडे वाढतो. म्हणजे शेतकऱ्याचाच पंप दूषित पाणी ओढून आणतो.

धातूंना चिकणमाती बरीचशी धरून ठेवते. क्लोराइडला धरत नाही. म्हणून ते सहसा आधी पोचते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत असावे, असे भारतीय मानक सांगते. ढिगाच्या चढावरील आणि उतारावरील विहिरींचे पाणी दरवर्षी एकाच महिन्यात तपासून आकडे शेजारी शेजारी मांडावेत. पाणी उकळून मात्र हे क्षार जात नाहीत. वाफ निघून जाते आणि क्षार उलट दाट होतात.