गव्हाशिवाय नानकटाई : एक निर्धोक भेट

दिवाळीत शेजारीपाजारी फराळाची ताटे देण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे. ताटावरचा रुमाल बाजूला केला की करंज्या, शंकरपाळे, चिरोटे, नानकटाई दिसतात. यातले बहुतेक सारे मैद्याचे किंवा रव्याचे. ज्या घरातल्या लेकराला गहूच सोसत नाही, त्या घरची आई असे ताट मुकाट्याने फडताळात वर ठेवून देते. अशा घरी काय द्यावे, हा आजच्या लेखाचा विषय. पण त्याआधी माझीच एक चूक सांगते.

आष्ट्यात आमच्या गल्लीत सात वर्षांची एक मुलगी आहे. चौथ्या वर्षापासून तिला वरचेवर जुलाब होत. पोट फुगलेले, हातपाय काडीसारखे, वजन वाढेना. दृष्ट काढून झाली, टॉनिके झाली. मी स्वतः तिला दोनदा जंताचे औषध आणि रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनीही रक्त वाढेना, तेव्हा तिला सांगलीला तपासणीसाठी पाठवले. तेथे 'सीलिअ‍ॅक' हा आजार निघाला. गहू बंद झाला आणि वर्षभरात पोरगी पालवीसारखी तरारली.

त्या दिवाळीला तिच्यासाठी मी मुद्दाम ज्वारीची नानकटाई केली. ज्वारी गिरणीतून दळून आणली आणि नेहमीप्रमाणे बेकरीत पत्र्यावर भाजून घेतली. तिसऱ्या दिवशी तिची आई दवाखान्यात आली. म्हणाली, "काकू, बोलू का नको कळंना. तुमची नानकटाई खाल्ली न् रात्रीपासनं पोट बिघडलंय तिचं." ज्वारीत दोष नव्हता. गिरणीत माझ्या आधी गव्हाचे दळण झाले होते आणि बेकरीचा पत्रा रोज मैद्याने माखलेला असतो. डॉक्टर असूनही हे माझ्या ध्यानात आले नाही. दोष सर्वस्वी माझा.

हा आजार म्हणजे काय?

कणकेचा गोळा नळाखाली चोळून धुतला तर पीठ वाहून जाते आणि हाती रबरासारखा चिवट भाग उरतो. तेच ग्लुटेन. गहू, सातू म्हणजे जव आणि परदेशातील राय या धान्यांत या जातीची प्रथिने असतात. सीलिअ‍ॅकच्या रोग्यात ग्लुटेन पोटात गेले की शरीराची संरक्षक यंत्रणा उलटते आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या अस्तरावर मखमलीसारखे बारीक अंकुर असतात. अन्नातले सत्त्व त्यांच्यामार्फत शोषले जाते. हे अंकुर झडून सपाट होतात, मग खाल्लेले अंगी लागत नाही. मुलांची उंची खुंटते, मोठ्यांना अशक्तपणा येतो, रक्त कमी होते, हाडे ठिसूळ होतात. कित्येकांना जुलाब होतच नाहीत, त्यामुळे रोग वर्षानुवर्षे लपून राहतो.

या रोगाचे मूळ गव्हात आहे हे दाखवून दिले हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी. 1944-45 च्या हिवाळ्यात युद्धामुळे तेथे दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला. इतर मुले उपासमारीने खंगत असताना या आजाराची मुले मात्र सुधारली. त्यांना आधीपासून जो संशय होता, त्याला बळ मिळाले आणि 1950 साली त्यांनी तो प्रबंधात मांडला.

निदानासाठी आधी रक्ताची तपासणी करतात आणि बहुधा दुर्बिणीतून आतड्याचा बारीकसा तुकडा काढून पाहतात. येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. तपासणीपूर्वी आपल्या मनाने गहू बंद करू नये. तसे केल्यास अहवाल खोटा चांगला येतो आणि रोग तसाच राहतो. घरात एकाला हा आजार निघाला तर आईवडील व भावंडांचीही तपासणी करून घ्यावी. निदान झाल्यावर मात्र गहू जन्मभर वर्ज्य. गोळी नाही, इंजेक्शन नाही, पथ्य हेच औषध. ज्याला आजार नाही त्याने केवळ ऐकीव गोष्टींवरून गहू सोडण्याचे कारण नाही.

एवढ्याशाने काय होते?

हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. मध्यम आकाराच्या एका चपातीत साधारण दोन ते अडीच ग्रॅम ग्लुटेन असते. रोज 50 मिलिग्रॅम, म्हणजे चपातीचा जेमतेम पन्नासावा भाग, काही महिने पोटात गेला तरी आतड्याला इजा होते, असे अभ्यासात दिसले आहे. म्हणून 'प्रसादाचा एकच घास' हा आग्रह प्रेमाचा असला तरी घातक आहे. बाजारात 'ग्लुटेनमुक्त' म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असावे, असा आपल्या देशाचा नियम आहे.

आपल्या भागात खपली गहू पथ्याचा मानतात, पण खपलीतही ग्लुटेन असतेच. कुरडईचा चीक, शेवया, रवा आणि गहू घातलेले सातूचे पीठ हेही चालत नाही. बांधीव हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. उलट शाळू, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, सर्व डाळी, वरी, राजगिरा आणि साबुदाणा ही मूळची निर्धोक. आपल्या आजी-पणजीची भाकरी हेच या मुलांचे पथ्यान्न आहे.

कोरडे मिश्रण

चूक कळल्यावर मी तयार नानकटाई देणे सोडले. आता कोरडे मिश्रण बरणीत भरून देते. तूप त्यांच्या घरचे, भांडी त्यांच्या पथ्याची, भाजणे त्यांच्या चुलीवर. आणि ताजी गरम नानकटाई मुलांना मिळते, हा वेगळाच आनंद.

साहित्य : ज्वारीचे पीठ 100 ग्रॅम, तांदळाचे पीठ 50 ग्रॅम, हरभरा डाळीचे पीठ 50 ग्रॅम, घरी दळलेली पिठीसाखर 100 ग्रॅम, वेलदोड्याची पूड अर्धा चमचा, खाण्याचा सोडा पाव चमचा, किंचित मीठ व जायफळ.

गिरणीत जाऊ नये. ज्वारी आणि डाळ नीट निवडावी, कारण त्यांत गव्हाचे दाणे आलेले असतात. तांदूळ धुऊन सावलीत खडखडीत वाळवावेत. मिक्सरचे भांडे, झाकण आणि त्याची रबरी कडी घासून धुवावी व कोरडी करावी. मग थोडे थोडे धान्य दळावे. चाळण मात्र नवी घ्यावी, जुन्या चाळणीच्या जाळीत मैदा अडकलेला असतो. वर राहिलेली कणी पुन्हा दळून चाळावी. तिन्ही पिठे स्वच्छ कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटे कोरडी परतावी. पूर्ण गार झाल्यावर बाकीचे जिन्नस मिसळून कोरड्या काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून ठेवावे. त्या दिवशी स्वयंपाकघरात चपात्या करू नयेत, हवेत उडालेली कणीकही पिठात बसते. ज्वारीचे पीठ लवकर कडवट होते, म्हणून मिश्रण पंधरा दिवसांत संपवावे.

बरणीवरची चिठ्ठी

बरणीइतकीच चिठ्ठी महत्त्वाची. तीवर सगळे जिन्नस, दळल्याची तारीख आणि 'गहू, मैदा, रवा, सातू नाही. गिरणीत दळलेले नाही' एवढे स्पष्ट लिहावे. खाली कृती लिहावी, ती अशी :

100 ग्रॅम घट्ट साजूक तूप फेसून घ्यावे. त्यात सगळे मिश्रण आणि एक मोठा चमचा दही घालून हलक्या हाताने गोळा करावा. अर्धा तास झाकून ठेवावा. साधारण 20 गोळे करून किंचित चपटे करावेत. जुन्या जाड कुकरच्या तळाशी बोटभर मीठ पसरून त्यावर तिवई ठेवावी. पाणी घालू नये. झाकणाची रबरी कडी आणि शिट्टी आठवणीने काढून ठेवावी. कुकर दहा मिनिटे तापवून तूप लावलेल्या ताटलीत नानकटाई ठेवावी आणि मंद आचेवर 15 ते 20 मिनिटे भाजावी. बुडाशी बदामी रंग आला की झाली. ग्लुटेनचा चिवटपणा नसल्याने गरम असताना ती फुटते, म्हणून पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नये.

गेल्या दिवाळीत मी बरणी नेऊन दिली, तेव्हा तिच्या आईने आधी चिठ्ठी वाचली, दोनदा वाचली. मला राग आला नाही, उलट बरे वाटले. या घरच्या आईने चिठ्ठी वाचलीच पाहिजे. संध्याकाळी ती पोर स्वतः ताटली घेऊन आमच्या दारात उभी. म्हणाली, "डॉक्टरकाकू, ही मी केलीय. तुम्ही खा."

वाचकहो, आपल्या ओळखीत असे मूल असेल तर यंदा ताट देण्याआधी त्याच्या आईला एकदा विचारा, "तुमच्याकडे काय चालतं?" पथ्याची सुरुवात या प्रश्नापासून होते.