राजीनामा लिहिण्याआधी रक्त तपासा

मार्च संपला की बँकेतली मंडळी आणि नीटचा निकाल लागला की लातूरच्या ट्युशन एरियातले शिक्षक माझ्याकडे येऊ लागतात. नांदेडच्या ओपीडीत पुण्याच्या कंपनीचं काम घरून करणारी पोरं असतात. तक्रारी साधारण सारख्याच: रात्री तीनला जाग, छातीत धडधड, जेवण नको, घरच्यांवर चिडचिड. हे सांगून झालं की माणूस खुर्ची पुढं ओढतो आणि हळूच म्हणतो, "सर, राजीनामाच द्यायचं ठरवलंय. दोन-तीन महिने परदेशात फिरून आलो की सगळं जागेवर येईल."

अहो, येईलच असं कोणी सांगितलं? मोबाइलवरच्या तीस सेकंदांच्या रीलनं! नोकरी सोडून जग फिरणारा तो हसरा तरुण परतल्यावर घराचा हप्ता कसा भरतो, ते रीलमध्ये नसतं. आणि दोष निव्वळ रीलचाही नाही. हवापालटाचा सल्ला आमच्याच जुन्या डॉक्टरांनी दिलेला आहे, पण तो क्षयावर औषध नव्हतं त्या काळात. आज नैराश्यावरही औषध आहे आणि थायरॉइडवरही.

ट्युशन एरियातले भौतिकशास्त्राचे एक सर बायकोसोबत आले होते. पीएफ काढून युरोपला जायचं नक्की झालं होतं. युरोपात कुठं, असं मी विचारलं. ते बायकोकडं बघू लागले. "कुठं बी चालंल सर, इथून सुटलो म्हणजे झालं." या उत्तरावर मी नेहमी सावध होतो. ज्याला खरंच जग बघायचं असतं, तो थांबवल्याशिवाय थांबत नाही. नकाशा, भाडं, काय खायचं, सगळं सांगतो. प्रवासवर्णनं लिहिणाऱ्या डॉ. मीना प्रभूही पेशानं डॉक्टर होत्या. त्यांचं 'मेक्सिकोपर्व' किंवा 'तुर्कनामा' वाचा म्हणजे कुतूहलानं निघालेलं माणूस कसं असतं ते कळेल.

सरांचा हात पुढं करायला लावला तर बोटं थरथरत होती. पँट ढिली झाली होती, नाडी शंभरच्या वर. वर कुणाच्या तरी सांगण्यावरून अश्वगंधाची पावडर दोन वेळा चालू! अश्वगंधामुळे थायरॉइडचं संप्रेरक वाढू शकतं, हे पावडर विकणारा सांगत नाही. रक्त तपासलं, थायरॉइड जोरात होता. पावडर बंद केली, औषध सुरू झालं, झोप हळूहळू परतली. नोकरी त्यांनी पुढं सोडलीच. त्याला माझी काही हरकत नव्हती. फरक एवढाच की तो निर्णय बरं झालेल्या माणसानं घेतला होता.

म्हणून आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर आणि बी-१२ तपासून घ्या. सगळं ठीक निघालं तर स्वतःला विचारा: दिवाळीच्या सुट्टीत तिसऱ्या-चौथ्या दिवशी झोप लागते का, भूक लागते का? लागत असेल तर बहुधा दुखणं कामाचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनंही 2019 साली 'बर्नआउट' हा कामाशी जोडलेला प्रकार म्हणून नोंदवला, आजार म्हणून नव्हे. अशा वेळी रजा, बदली, नाहीतर नोकरी बदलणं हाच मार्ग, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण सख्ख्या भाचीच्या लग्नातही आनंद वाटला नाही, दोन आठवडे रोज तसंच चाललंय, तर ते नैराश्य असू शकतं, आणि ते विमानात तुमच्या शेजारीच येऊन बसतं. नैराश्यात घर विकणं, राजीनामा, घटस्फोट असले निर्णय घेऊ नयेत. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात, तेवढे थांबा. राजीनामा कुठं पळून जात नाही.

याच्या उलट एक प्रकार आहे, आणि तो घरच्यांना कळतच नाही. माणूस चार रात्री जेमतेम झोपतो तरी ताजातवाना, बोलणं थांबत नाही, क्रेडिट कार्डावर पाच देशांची तिकिटं काढतो. घरचे म्हणतात, "बरं झालं, उत्साह आला!" हा उत्साह नव्हे, उन्माद असू शकतो, देशोदेशीची घड्याळं बदलून झोप मोडली की तो आणखी भडकतो. त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

आणि कुणी "सगळं आवरून टाकतो, मग जातो", "मी नसलेलोच बरा" असं बोलू लागला तर ते प्रवासाचं बोलणं समजू नका. सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतो का? विचारल्यानं तो विचार मनात भरत नाही. त्याला एकटं सोडू नका. टेलिमानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. लातूर आणि नांदेड, दोन्हीकडं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथं मनोविकाराची ओपीडी आहे. तिथं गेलं म्हणजे माणूस वेडा ठरतो, हे गावातल्या पारावर ठेवून या.

मेडिकलवाल्याकडून "झोपेची अर्धी गोळी" घेणाऱ्यांना मात्र मी रागावणारच. अल्प्राझोलामची सवय लागते आणि ती एकदम बंद केली तर झटकेसुद्धा येऊ शकतात. कित्येक महिने घेत असाल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करा; परक्या देशात गोळ्या संपून पंचाईत व्हायला नको.

एवढं सगळं करून जायचंच असेल तर खुशाल जा. फक्त आजारपणाच्या रजेचा दाखला घेऊन बँकॉकला जाणाऱ्यांनी माझ्याकडं येऊ नये, तसा दाखला मी देत नाही. औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठी सोबत, त्यावर औषधाचं मूळ नाव. आखाती देशांत झोपेच्या आणि काही वेदनाशामक गोळ्यांना आधी परवानगी लागते, ती निघण्यापूर्वी काढा. दुबईमार्गे जाणार असाल तर आईनं डब्यात भरलेले अनारसे घरीच खाऊन घ्या: तिथं खसखस बाळगणं हा गुन्हा आहे.