चिपिंगमधील स्वच्छ आघात : टॉवेल आणि रेघेचा सराव

प्रश्न : गोल्फमध्ये ग्रीनजवळून, म्हणजे छिद्राभोवतीच्या आखूड गवताजवळून, चिप मारताना क्लब कधी चेंडूआधीच जमिनीत रुततो, तर कधी चेंडूच्या मध्यावर लागल्याने चेंडू ग्रीनपलीकडे जातो. यावर साधा सराव कोणता?

उत्तर : चिप म्हणजे थोडेसे अंतर हवेतून जाऊन उरलेले घरंगळत कापणारा आखूड फटका. त्यातील हे दोन्ही दोष परस्परविरुद्ध भासले, तरी त्यांचे मूळ बहुधा एकच असते : चेंडू उचलण्याच्या भरात मनगटे झटकली जातात आणि क्लबच्या कमानीचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या मागे पडतो. वास्तविक चेंडू उचलण्याचे काम क्लबच्या मुखाचा कल, म्हणजेच लॉफ्ट, करतोच. उजव्या हाताने खेळणाऱ्याने शरीराचा सुमारे ६० टक्के भार डाव्या पायावर ठेवावा, चेंडूमागे साधारण १५ सेंटिमीटरवर घडी घातलेला टॉवेल अंथरावा आणि त्याला स्पर्श न करता चेंडू मारावा. त्यानंतर सरावाच्या मैदानावर चुन्याची रेघ आखून, चेंडू न ठेवता, गवतावरचा ओरखडा रेघेपाशी किंवा तिच्यापुढे लक्ष्याच्या बाजूस उमटेल असे १० फटके मारावेत. ओरखडा मागे पडल्यास चूक तत्काळ डोळ्यांना दिसते, आणि हीच या सरावाची खरी किंमत आहे.