परदेशगमन आणि विजेचीं उपकरणें

शाळा सोडल्यावर आपल्यापैकीं कित्येक जण शिक्षणासाठीं, आणि त्यांच्या मागोमाग कधीं कधीं त्यांचे आईबापही, परदेशीं जातात. निघतांना सामानांत मोबाइलचा चार्जर, इस्त्री, केस वाळविण्याचें यंत्र आणि आईच्या आग्रहास्तव मिक्सर इतक्या वस्तू भरल्या जातात. सोबत बाजारांतून एक अॅडॅप्टर घेतला कीं सर्व व्यवस्था झाली, असा समज सर्वत्र आढळतो. हा समज धोक्याचा आहे. कसा, तें आम्ही येथें सांगूं इच्छितों.

अॅडॅप्टर केवळ प्लगच्या पिनांचा आकार जुळवून देतो. आपला तीन गोल पिनांचा प्लग मूळचा ब्रिटिश नमुन्याचा. पुढें १९४७ सालीं ब्रिटननें चौकोनी पिनांचा व पोटांतच फ्यूज असलेला निराळा प्लग ठरविला. आपण मात्र जुन्यासच धरून राहिलों. अमेरिकेंत व जपानांत पिना चपट्या, तर जर्मनी-फ्रान्सकडे गोल असतात. परंतु आकार जुळला म्हणजे वीज जुळली असें नव्हे. विजेचा दाब आपल्याकडे २३० व्होल्ट आहे व युरोपांतही तितकाच; अमेरिकेंत मात्र १२० आणि जपानांत १०० व्होल्ट.

यांतून काय घडतें, तें गणितानें पाहूं. इस्त्रीसारख्या तापणाऱ्या उपकरणांत तारेचा रोध जवळजवळ कायम राहतो, व शक्ति दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत बदलते. आपली १००० वॉटची इस्त्री अमेरिकेंत लावली तर तिला सुमारें २७० वॉटच मिळतील. ती कोमट होईल, सुरकुती जाणार नाहीं, एवढेंच. उलट, अमेरिकेंतून काकांनीं आणलेलें १००० वॉटचें केस वाळविण्याचें यंत्र आपल्या घरीं लावल्यास तें ३६०० वॉटांहून अधिक शक्ति ओढूं पाहील. थोड्याच वेळांत तार लाल होते, प्लास्टिक वितळूं लागतें, आणि तेंही यंत्र डोक्याजवळ धरलेलें असतांना! कांहीं यंत्रांवर १२५ व २५० असे दोन दाब निवडण्याची कळ असते. ती जातांना फिरविली जाते. परत आल्यावर फिरवावयाची कोणास आठवण राहत नाहीं.

चार्जरची गोष्ट निराळी. त्यांत शिरलेली प्रत्यावर्ती वीज प्रथम एकदिश होते. मग इलेक्ट्रॉनिक कळा ती सेकंदास हजारों वेळां चालू-बंद करून लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून हव्या त्या दाबानें बाहेर सोडतात. येणारा दाब बदलला कीं ही उघडझांपही बदलते. म्हणून चार्जरच्या पाठीवर ‘इनपुट’ या शब्दापुढें १००–२४० व्होल्ट आणि ५०/६० हर्ट्झ असे आकडे असल्यास तो वरील सर्व देशांत नुसत्या अॅडॅप्टरनें चालेल. हे बारीक आकडे भिंग घेऊन कां होईना, पण वाचावे.

मिक्सरविषयीं घरोघर विचारणा होते. येथील मिक्सरच्या पात्यांस १२० व्होल्टवर जोर येत नाहीं. दाब वाढविणारा ट्रान्सफॉर्मर घ्यावा, तर तो मिक्सरच्या वॉटांहून पुष्कळ मोठ्या क्षमतेचा लागतो, आणि वजनांत मिक्सरशीं स्पर्धा करतो. आपल्याकडे ११० व्होल्टचेही मिक्सर विकत मिळतात. अमेरिकेस जाणाऱ्यानें तोच न्यावा, असें आमचें मत आहे. शिवाय साध्या ट्रान्सफॉर्मरनें दाब बदलतो, आवर्तनें बदलत नाहींत. विजेच्या आवर्तनांवर चालणारें ६० हर्ट्झचें घड्याळ ५० हर्ट्झवर तासाला दहा मिनिटें मागें पडतें. जपानांत तर एकाच देशांत दोन्ही आहेत: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तोकियोनें जर्मन जनित्रें घेतलीं व ओसाकानें अमेरिकन, म्हणून आजही पूर्वेस ५० हर्ट्झ व पश्चिमेस ६०.

पालकांनीं विशेष लक्ष द्यावें तें तिसऱ्या, जाड पिनेकडे. ती जमिनीशीं जोडलेली असते. इस्त्रीच्या आंतील तार सुटून धातूच्या भागास टेकली, तर वीज या वाटेनें जाते व फ्यूज उडतो. दोन पिनांच्या अॅडॅप्टरनें ही वाट बंद होते. मग ती वीज इस्त्री धरणाऱ्याच्या देहांतून जमिनीस जाऊं पाहते. चौकोनांत चौकोन अशी खूण असलेल्या दुहेरी आवरणाच्या उपकरणांस मात्र या पिनेची गरज नसते. अमेरिकेंत व युरोप खंडांत भिंतींतील सॉकेटास बहुधा बटण नसतें; तेव्हां तेथें ओल्या हातानें प्लगला शिवणें अधिकच वाईट.

राहतां राहिली पॉवर बँक. विमानांत ती हातांतल्या बॅगेंतच न्यावी लागते, कारण सामानाच्या कक्षांत लिथियमच्या घटानें पेट घेतल्यास तेथें कोणाचा हात पोहोंचत नाहीं. मर्यादा १०० वॉट-तासांची आहे. त्यापुढें १६० पर्यंत कंपनीची परवानगी लागते. वर मिलिअॅम्पियर-तास लिहिले असल्यास त्यांस १००० नें भागून ३.७ नें गुणावें: २०,००० ची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची ठरते. जिच्यावरील आकडे पुसून गेले आहेत ती तपासणींत काढून घेतली जाण्याचा संभव असल्यानें घरींच ठेवावी.