शंका-समाधान : मुलांची मंडळं, मुलांचं हस्तलिखित

शंका : सहावी ते आठवीच्या हस्तलिखिताचं काम दरवर्षी माझ्याकडे असतं. आलेल्या साहित्यातलं निम्म्याहून अधिक मोबाइलवरून उतरवलेलं, उरलेलं पालकांनी लिहून दिलेलं. यंदा एकाने ‘एआय’कडून चक्क सुनीत करून आणलं. हे थांबवायचं कसं? – मराठीच्या शिक्षिका, सातारा जिल्हा

समाधान : बाई, तुम्ही फलकावर लावलेली सूचना आधी पुन्हा वाचा. ‘कथा, कविता, विनोद, कोडी आठ दिवसांत आणून द्यावीत’ असंच काहीसं लिहिलेलं असणार. बारा वर्षांच्या मुलाकडे आठ दिवसांत पावसावरची कविता मागितली, तर तो ती कुठून तरी आणणारच. त्याच्याजवळ जे नाही ते आपण मागतो, आणि त्याने ते पैदा केलं की रागावतो.

त्याच्याजवळ आहे ते मागा. खिचडी शिजवणाऱ्या ताई शाळेत किती वाजता येतात, तांदूळ किती लागतो, कोणत्या वारी पातेलं रिकामं होतं आणि कोणत्या वारी उरतं? एसटी चुकली तर वाडीवरची मुलं कशी येतात? गावातली कोणती विहीर बुजवली, आणि का? शाळेसमोरच्या गाडीवाल्याला आठवतो तिथपासून आजपर्यंतचा वडापावचा भाव? यांची उत्तरं मोबाइलमध्ये नाहीत. ती हवी असतील तर जागचं उठून माणसांशी बोलावं लागतं. दोघादोघांत एकेक काम वाटून द्या, तीन आठवडे द्या आणि पहिला कच्चा खर्डा वर्गात बसून लिहून घ्या. सुनीत आपोआप बंद होईल.

दुसरी गोष्ट वाचकाची. फ्रान्समधल्या बार-सुर-लू या खेड्यातले शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांनी १९२४च्या सुमारास वर्गात छोटा छापखाना आणला. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झालेली, फार वेळ बोलवत नसे. मुलं आपलेच मजकूर खिळा-खिळा जुळवून छापू लागली. पुढे ही पानं दूरच्या ब्रिटनी प्रांतातल्या एका शाळेला जाऊ लागली आणि तिकडची इकडे येऊ लागली. खरी किमया मला या देवाणघेवाणीत दिसते. तुमचं हस्तलिखित मराठवाड्यातल्या एखाद्या शाळेला पाठवा, त्यांचं मागवा. टँकरच्या रांगेत उभं राहणं म्हणजे काय, हे तिथली मुलं लिहितील. भातलावणीच्या सुट्टीत काय करता, असं तुमच्या मुलांना विचारतील. विचारणारा असला की लिहिणारा नक्कल करत नाही.

शुद्धलेखन सुधारा, पण वाक्यांना हात लावू नका. तुम्हाला स्वतःला लिहावंसं वाटलं तर जरूर लिहा. अमळनेरच्या छात्रालयातल्या मुलांसाठी साने गुरुजी स्वतः हस्तलिखित दैनिक काढत. मात्र आपल्या नावाने लिहा, मुलाच्या नावाने नको.

शंका : आम्ही सातवीतल्या मुलींनी भित्तिपत्रकात ‘आमच्या स्वच्छतागृहात पाणी नसतं’ असं लिहिलं. मुख्याध्यापक सरांनी ते उतरवायला लावलं. शाळेची बदनामी होते म्हणाले. आमचं चुकलं का? – तिघी मैत्रिणी

समाधान : लिहिलंत यात काहीच चूक नाही. मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह आणि पिण्याचं सुरक्षित पाणी या गोष्टी २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला बंधनकारक आहेत. मुलांना आपलं म्हणणं मांडण्याचा हक्क देणारा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करारही भारताने १९९२मध्ये स्वीकारला आहे. पाणी नसण्याने शाळेची जेवढी बदनामी होते, तेवढी ते लिहिल्याने होत नाही.

पण मुलींनो, तुमची बातमी अर्धीच होती. पाणी रोज नसतं, की मधल्या सुट्टीनंतर संपतं? नळ किती आणि चालू किती? टाकी केवढी? मोटर बिघडली आहे, की ग्रामपंचायतीकडूनच पाणी कमी येतं? आणि मुख्य म्हणजे, सरांना विचारलंत का? ज्याच्या कारभाराबद्दल लिहायचं, त्याचं म्हणणं छापण्याआधी घ्यायचं, हा वर्तमानपत्राचा पहिला नियम. आठवडाभर रोज दोन वेळा नळ उघडून बघा आणि तारीखवार तक्ता करा. मग तो घेऊन सरांकडे जा आणि त्यांचं उत्तर त्याच कागदावर लिहून घ्या. तरीही ‘लावू नका’ म्हणाले, तर शाळा व्यवस्थापन समितीत तुमचे पालक असतात. तक्ता त्यांच्या हाती द्या.

वॉर्सामध्ये डॉक्टर आणि लेखक यानुश कॉर्चाक यांनी ९ ऑक्टोबर १९२६ला मुलांचं एक साप्ताहिक सुरू केलं. मोठ्यांच्या दैनिकाची ती पुरवणी होती आणि मुलांच्याच पत्रांवर चालायची. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर बंद पडेपर्यंत ती तेरा वर्षं टिकली. पोरांच्या तक्रारींनी कोणाचं फार बिघडलं असतं, तर इतकी टिकली नसती.

मुख्याध्यापक सर हे वाचत असतील तर एक विनंती : भित्तिपत्रकात काय चालेल आणि काय नाही, हे जूनमध्येच मुलींसोबत बसून ठरवा. कोणाची जात, शरीर, घरची भांडणं यांवर मजकूर नको, हे मुली स्वतःच सुचवतील.

शंका : वाङ्मय, विज्ञान, गणित, इतिहास, हरित सेना, क्रीडा, आरोग्य, सांस्कृतिक अशी आठ मंडळं आमच्याकडे आहेत. उद्घाटनाचा फोटो निघतो, पुढे काही होत नाही. – एक मुख्याध्यापक

समाधान : सहा बंद करा.

फाइल पातळ होईल, होऊ द्या. उरलेल्या दोन मंडळांना आठवड्यातला एक ठरलेला तास द्या. पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आहेच, वेळ नाही ही सबब त्यामुळे चालणार नाही. इतिवृत्त मुलाच्या अक्षरात असावं आणि खर्चाला थोडे का होईना, पैसे मुलांच्या हाती असावेत. पाहुणे, हारतुरे नकोत.

काम मात्र रोजचं हवं. विज्ञान मंडळाने सरळ कडांच्या भांड्यात रोज सकाळी आठला पाऊस मोजावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. शाळेचं छप्पर १०० चौरस मीटर असेल, तर १० मिलिमीटरच्या सरीत हजार लिटर पाणी पन्हाळीतून वाहून जातं. हा आकडा मुलं रोज वार्ताफलकावर लिहू लागली, की छपराचं पाणी टाकीत का घेत नाही, हा प्रश्न तुम्हाला लवकरच येईल. (वरच्या तिघी मैत्रिणींची शाळा तुमचीच तर नाही?) वर्षाअखेर बाईंना हस्तलिखितासाठी मजकूर शोधत फिरावं लागणार नाही.

शंका : मुलगी आठवीत आहे, ‘एनएमएमएस’ या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी चालू आहे. हस्तलिखिताच्या संपादक मंडळात तिचा वेळ वाया जातो का? – एक पालक

समाधान : परीक्षेआधीचा महिना तिला सुट्टी द्यायला सांगा. एरवी आठवड्याचा एक तास जातो. सरावसंच बाजूला ठेवून ती मोबाइलवर घालवते, त्याहून तो नक्कीच कमी असेल.

शंका : हस्तलिखिताची पीडीएफ मुलांच्या फोटोंसह पालकांच्या ग्रुपवर टाकावी का?

समाधान : ग्रुपवर टाकलेली पीडीएफ ग्रुपपुरती राहत नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल बालक धरलं आहे, आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी संमती घ्या. पीडीएफमध्ये नुसतं नाव आणि इयत्ता पुरे. फोटो, पत्ता, जन्मतारीख नको. फोटो हवेतच तर ते कागदी प्रतीत चिकटवा.

शंका : छपाईला पैसे नाहीत. झेरॉक्सवर अंक काढता येईल का? – आठवीचे संपादक

समाधान : येईल, आणि काढाच. ए-४ कागद मधोमध दुमडला की चार छोटी पानं होतात. म्हणून अंकाची एकूण पानं चारच्या पटीत ठेवा : ८, १२, १६. अठरा पानांचा मजकूर झाला असेल, तर दोन पानं कापण्याचा वाईटपणा संपादकालाच घ्यावा लागेल. आधी कोऱ्या कागदांची डमी दुमडून प्रत्येक पानावर क्रमांक टाका. सोळा पानांच्या अंकात १ आणि १६ एकाच बाजूला शेजारी येतात आणि त्यांच्या पाठीशी २ आणि १५. हे डमीशिवाय हमखास चुकतं. काळं पेन वापरा. निळी शाई आणि पेन्सिलची चित्रं झेरॉक्सवर फिकट उठतात. कडेला बोटभर कोरी जागा सोडा, नाहीतर शेवटची अक्षरं यंत्रात कापली जातात. शंभर प्रती काढण्याआधी एक काढा, आणि ती अंकात काहीच न लिहिलेल्या मुलाला वाचायला द्या. तुम्हाला न दिसलेल्या चुका त्याला दिसतील.