पोलादालाही थकवा येतो!

थकवा म्हणजे काय हे होस्टेलवाल्यांना नव्याने शिकवायला नको. सबमिशनच्या आठवड्यात तो सगळ्यांना येतो आणि दोन दिवस ताणून झोप काढली की जातो. धातूचा थकवा, म्हणजे आपल्या पुस्तकातला ‘फटीग’, मात्र जात नाही. तो साठत राहतो. तार एकदा वाकवली तर काही होत नाही, पण पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. व्हायवाला यावर प्रश्न हमखास येतो, आपण एस-एन कर्व्ह काढून दाखवतो आणि सुटतो. मला आज सांगायचं आहे ते या कर्व्हखाली न लिहिलेल्या एका अटीबद्दल.

जर्मनीतल्या रेल्वेचा इंजिनिअर व्होलर याने एकोणिसाव्या शतकात गाड्यांचे आस का तुटतात याचा छडा लावला. अजनीच्या शेडजवळून जाताना मला त्याची आठवण होते. किती ताणाला किती आवर्तनं टिकतात, हे त्याने शोधलं. आपल्या लॅबमध्येही तेच करतो. गुळगुळीत नमुना मशीनला लावायचा, फिरवायचा आणि तुटेपर्यंत मोजायचं. हा नमुना फिरतो हवेत, रूम टेंपरेचरला. (नागपुरात मे महिन्यात रूम टेंपरेचर म्हणजे ४५ अंश, पण तरी ती हवाच!)

आता आपल्याच राज्यातलं तारापूर घ्या. तिथली पहिली दोन युनिटं १९६९ मध्ये सुरू झाली. त्या उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्या आहेत. अशा भट्टीत पाणी सुमारे ७० पट वातावरणीय दाबाखाली आणि २८५ अंशांच्या आसपास असतं. किरणोत्सारामुळे पाण्याचे रेणू फुटतात आणि थोडा ऑक्सिजन पाण्यात विरघळलेला राहतो. पाइप, नोझल, वेल्डिंगचे जोड वर्षानुवर्षं या पाण्यात असतात. युनिट सुरू झालं की तापून प्रसरण पावतात, बंद झालं की आकुंचन पावतात. प्रत्येक वेळी थकव्याच्या खात्यावर एक आवर्तन जमा होतं.

पाणी यात काय करतं? स्टेनलेस स्टीलवर ऑक्साइडचा पातळ थर असतो. जखमेवर खपली धरावी तसा. धातू ताणला की सूक्ष्म भेगेच्या टोकाशी ही खपली निघते, आतला ताजा धातू पाण्याला भिडतो, थोडा विरघळतो आणि पुन्हा खपली धरते. पुढच्या ताणाला पुन्हा तेच. शिवाय या प्रक्रियेत तयार होणारा हायड्रोजन धातूत शिरतो. हवेत जी भेग सावकाश वाढली असती, ती इथे लवकर वाढते.

अमेरिकेच्या आरगॉन प्रयोगशाळेने आणि जपानी संशोधकांनी गरम पाण्यात नमुने तोडून हे मोजलं. हवेतलं आयुष्य भागिले पाण्यातलं आयुष्य, या गुणोत्तराला ‘पर्यावरण गुणक’ म्हणू. २००७ मध्ये अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने नव्या अणुभट्ट्यांच्या डिझाइनसाठी तो धरायची मार्गदर्शक सूचना काढली. त्या वेळच्या सूत्रात २८५ अंशांचं पाणी आणि स्टेनलेस स्टील घातलं, तर झपाट्याने ताण दिल्यास गुणक सुमारे २ येतो, अतिशय सावकाश दिल्यास सुमारे ९.

डिझाइन कर्व्हमध्ये आवर्तनांना २० ने भागून सुरक्षितता धरलेली असतेच की, असं कोणी म्हणेल. पण तो २० चा आकडा मुख्यतः नमुन्यानमुन्यांतला फरक, भागाचा मोठा आकार आणि पृष्ठभागाचा खडबडीतपणा यांतच खर्च होतो. पाण्यासाठी फारसं काही उरत नाही.

एक गणित करू. समजा, एका नोझलची मायनरच्या नियमाने ४० वर्षांची बेरीज ०.१५ आली. मर्यादा १ ची, म्हणजे आपण निर्धास्त. गुणक २ असेल तर ०.३०, तरीही ठीक. गुणक ९ असेल तर १.३५! याचा अर्थ नोझल उद्याच तुटेल असा नाही. कागदावरची हमी संपली, एवढाच. मग प्रत्यक्ष तापमानाच्या नोंदी काढून नेमकी आवर्तनं मोजायची, अल्ट्रासॉनिकने तपासायचं, नाहीतर भाग बदलायचा.

खरी गंमत पुढेच आहे. भट्टी झटकन तापवली तर भिंतीच्या आतबाहेर तापमानाचा फरक पडून ताण वाढतो. म्हणून तासाला साधारण ५५ अंशांसारखी मर्यादा पाळतात. पण सावकाश तापवलं तर पाण्याला खपलीखाली काम करायला जास्त वेळ मिळतो! इकडे आड, तिकडे विहीर. हा हिशेब प्रत्येक जोडासाठी वेगळा मांडावा लागतो.

आणि वय वर्षांत मोजून चालत नाही. फ्रान्समधल्या सिव्हो केंद्राचं पहिलं युनिट डिसेंबर १९९७ मध्ये ग्रिडला जोडलं गेलं आणि मे १९९८ मध्ये त्याच्या उष्णता काढणाऱ्या पाइपच्या वळणाला आरपार भेग पडली. गरम आणि थंड पाणी तिथे एकत्र येत होतं आणि त्या चढउताराने नवाकोरा पाइप काही महिन्यांत थकला. तारापूरची दोन युनिटं पन्नाशी ओलांडून २०२० मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी बंद केली गेली. त्यात पाणी फिरवणारे पाइप बदलण्याचं काम होतं. तिथला रोग मुख्यतः ताण आणि गंज यांच्या संगनमताचा, म्हणजे थकव्याचा सख्खा भाऊ. त्याला आवर्तनंसुद्धा लागत नाहीत; वेल्डजवळचा कायमचा ताण आणि तेच गरम पाणी पुरतं.

आपल्यापैकी बरेच जण उद्या कोराडी-खापरखेड्याला, काही जण अणुऊर्जेत जातील. सौरऊर्जा वाढली तसे औष्णिक संचही आता जास्त वेळा वरखाली करावे लागतात, म्हणजे थकव्याचा हिशेब तिथेही आहेच. कुणीतरी आपल्यासमोर ०.१५ लिहिलेला कागद ठेवेल आणि सही मागेल. त्या पाइपच्या पलीकडे शिफ्टवरची माणसं असतील. माझं सांगणं एवढंच, की सही करण्याआधी एक प्रश्न विचारा : हा आकडा हवेतला की पाण्यातला?