‘मॅडम, ते कॉम्प्युटरचं तुम्ही बघा’

नव्या तंत्रज्ञानाला नाही म्हणणाऱ्या मालकाला ते थांबवता येत नाही. फार तर तो ते दुसऱ्याच्या गळ्यात बांधू शकतो. नागापूरच्या एमआयडीसीत एका मशीन शॉपच्या ऑफिसात मी बरीच वर्षं नोकरी केली, आणि तो गळा माझा होता. अशाच ऑफिसांत बसलेल्या भावाबहिणींसाठी हे लिहिते आहे, कारण त्यांच्यावरही आज ना उद्या ही वेळ येणार आहे.

नगर-मनमाड रस्त्यानं येताना बाहेरून दिसतात ते मोठे कारखाने. त्यांच्या आडोशाला आमच्यासारख्या शेड: पाच-दहा मशीन, एक टेम्पो, आणि ऑफिसात एक ‘मॅडम’. बिलं, हजेरी, बँक, चहावाल्याचा हिशेब, सगळं मॅडमकडे. आमचे शेठ मूळचे लेथवरचे कारागीर. नगरच्या कायनेटिकमध्ये लुना तयार व्हायची त्या काळात सुट्या भागांची कामं करत इथे एक पिढी वर आली, शेठ त्यातलेच. जॉबवरून नुसतं बोट फिरवून ते सांगायचे, टूल बसलंय, इन्सर्ट बदल. मग ऑपरेटर मायक्रोमीटर लावायचा आणि शेठ बरोबर निघायचे. त्या माणसाविषयी मला आजही आदर आहे.

आणि यंत्रांना त्यांचा विरोध होता असंही नाही. कर्ज काढून त्यांनी सीएनसी मशीन घेतली, दसऱ्याला तिला हार घातला. पण ऑफिसच्या कॉम्प्युटरचं नाव काढलं की चेहरा बदलायचा. मोठी मशीन हौसेनं घेणारा माणूस हिशेबाच्या पॅकेजच्या वार्षिक पैशांवरून आठवडाभर घासाघीस करायचा. कोणत्या पार्टीला काय रेट, कोणाकडे किती अडकलेत, हे सगळं त्यांच्या खिशातल्या रबर लावलेल्या डायरीत असे. ऑफिसात ती डायरी कधी उघडी पडली नाही. छापील बिलबुकांचे गठ्ठे कपाटात तसेच पडून होते. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं तेव्हा त्यांनी नवा रबरी शिक्का करून आणला आणि त्या जुन्या गठ्ठ्यांवर मुलांकडून मारून घेतला. ती बिलबुकं एव्हाना कोणीच वापरत नव्हतं.

कारण सरकार आणि मोठे ग्राहक शेठच्या मर्जीची वाट पाहत थांबले नाहीत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. पुढच्या वर्षी ई-वे बिल आलं. ई-इन्व्हॉइस ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालं ते ५०० कोटींच्या वरच्या कंपन्यांसाठी, म्हणून शेठ हसले होते. ती मर्यादा १००, ५०, २०, १० अशी उतरत १ ऑगस्ट २०२३ ला पाच कोटींवर आली आणि आमची फर्म तिच्यात सापडली. ग्राहक कंपन्यांचे पोर्टल, ड्रॉइंगच्या नव्या रिव्हिजन, तपासणीचे रिपोर्ट, सगळं ऑनलाइन. प्रत्येक वेळी शेठचं उत्तर एकच: “मॅडम, ते कॉम्प्युटरचं तुम्ही बघा.”

हे वाक्य विश्वासासारखं ऐकू येतं. पण त्यात अधिकार काहीच नसतो. जबाबदारी मात्र सगळी असते, आणि तीही कागदावर न येता. शेठ बटणांचा फोन वापरायचे, मेसेज उघडायचे नाहीत. म्हणून जीएसटीच्या नोंदणीत मोबाइल नंबर माझा टाकला गेला आणि ईमेलही माझ्याच नावानं उघडला. आमची भागीदारी फर्म. विवरणपत्र भरताना डिजिटल सहीऐवजी ओटीपी चालतो, तो माझ्या फोनवर यायचा. भाजी फोडणीला टाकलेली असताना, पोराच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये, दवाखान्याच्या रांगेत, कुठेही.

ज्यांना हे किरकोळ वाटतं त्यांना सांगते. ओटीपी ही सही असते. विवरणपत्रातल्या आकड्यांवर आपण मालकाच्या वतीनं अंगठा उठवत असतो, आणि ते आकडे ज्या डायरीतून आलेले असतात ती आपण पाहिलेलीही नसते.

२०२३ च्या पावसाळ्यात मी पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावी मयतीला गेले होते. फोनला रेंज नव्हती. त्या दिवशी चाकणला निघालेला आमचा टेम्पो सुप्याच्या पुढे बंद पडला. शेठनी फोनवर दुसरा टेम्पो ठरवला, माल त्यात चढवला. हे त्यांनी झटपट आणि चोख केलं. पण ई-वे बिलात गाडीचा नंबर बदलायचा असतो, त्याला ‘भाग ब’ म्हणतात, आणि पासवर्ड एकट्या मॅडमकडे. पुढे जीएसटीच्या फिरत्या पथकानं गाडी अडवली. गाडीच्या नंबरातले एक-दोन आकडे टाइप करताना चुकले असते तर सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणे १,००० रुपयांत सुटका झाली असती. गाडीच वेगळी निघाली, त्याला ती सवलत लागू होत नाही. साडेतीन लाखांचा माल, १८ टक्क्यांनी ६३,००० कर, आणि दंड कराच्या दुप्पट: १,२६,०००. तो भरल्याशिवाय गाडी हलेना.

शेठनी पैसे भरले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांसमोर म्हणाले, “हे खातं मॅडमचं. मला त्यातलं काय कळतं?” दिवाळीचं पाकीट त्या वर्षी पातळ आलं. ज्या गोष्टीकडे बघायला ते इतकी वर्षं नकार देत होते, तो नकारच आता त्यांची ढाल झाला होता. ‘मला कळत नाही’ हे वाक्य मालकानं म्हटलं की भोळेपणा ठरतो, नोकरानं म्हटलं तर हलगर्जीपणा.

माझा राग निवल्यावर मी एक गोष्ट नीट पाहिली. विरोधाची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. काही मालकांची खरोखर फसवणूक झालेली असते. कोणीतरी पॅकेज विकून गेलेला असतो आणि नंतर फोन उचलत नाही. काहींना इंग्रजी वाचता येत नाही आणि ते पोरांसमोर उघडं पडण्याची भीती असते. अशांना संध्याकाळी शेड बंद झाल्यावर, एकट्याला, मराठीत, एकच गोष्ट दाखवली तर बहुतेक शिकतात. तिसरा प्रकार आमच्या शेठचा. त्यांना सगळं कळत होतं. डायरीतलं स्क्रीनवर गेलं की भागीदाराला, पुतण्याला, मला, सगळ्यांना दिसणार, हे त्यांना नको होतं. या प्रकारापुढे फायदे समजावून सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तिथे आपली शक्ती घालवू नका.

उद्योजकतेच्या व्याख्यानांत लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट हमखास सांगतात. लोखंडी नांगरानं जमीन विषारी होते असं शेतकरी म्हणत, पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली, पण लक्ष्मणराव मागे हटले नाहीत. गोष्ट खरी आहे आणि मोठी आहे. पण नांगर त्यांचा होता, कारखाना त्यांचा होता, चिकाटीचं फळही त्यांचंच. आपण पगारी माणसं. मालकाच्या धंद्यात सुधारणा घडवण्याचा वसा आपल्या खिशातून आणि आपल्या नावावर घ्यायचं काही कारण नाही.

म्हणून सांगते, तंत्रज्ञानाचा आग्रह धरण्याआधी ते कोणाच्या नावावर आहे ते बघा. नोंदणीतला मोबाइल आणि ईमेल फर्मचाच असला पाहिजे. ऑफिसच्या नावाचं एक सिम आणि साधा हँडसेट, एवढाच खर्च आहे. ई-वे बिलाच्या पोर्टलवर सब-युजर करता येतात. मॅडमचं वेगळं लॉगिन, डिस्पॅचच्या मुलाचं वेगळं. मग गावी गेलं तरी गाडीचा नंबर बदलायला कोणीतरी असतं, आणि कोणी काय केलं तेही दिसतं. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलवर पासवर्डबरोबर ओटीपी सगळ्यांनाच सक्तीचा झाला आहे. तुमचा नंबर तिथे असेल तर रजेवरही तुम्ही कामावरच.

प्रायव्हेट लिमिटेडमध्ये काम करत असाल तर डिजिटल सहीचं डोंगल स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका. ज्याची सही त्यानंच ती सांभाळायची, असं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ४२ वं कलम सांगतं. शेडमधल्या पोरांनाही हेच लागू. सीएनसीचे प्रोग्रॅम स्वतःच्या पेन ड्राइव्हवर घेऊन फिरणारे कितीतरी ऑपरेटर मी पाहिले. कंट्रोलची बॅटरी उतरून मेमरी गेली की तोच मुलगा देव ठरतो, आणि नोकरी सोडताना तोच चोर.

मालकानं ‘तुम्ही बघा’ म्हटलं की त्याच संध्याकाळी चार ओळी लिहून पाठवायच्या: आपण सांगितल्याप्रमाणे अमुक काम मी बघते आहे, मी नसताना अमुक माणूस बघेल, आकडे आपण दिलेले आहेत. भांडणाचा सूर नको. शेठ मेसेज वाचत नसतील तर कागदावर लिहून सही घ्या. सही दिली नाही तर तेही तारखेसह नोंदवून ठेवा.

मी नोकरी सोडली तेव्हा नंबर बदलून घ्या म्हणून मागे लागले होते. “बघू” म्हणाले. नवा मुलगा महिनोन्महिने मला ओटीपीसाठी फोन करत राहिला. बिचाऱ्याचा काय दोष? पण ज्या फर्मशी माझा संबंध उरला नाही तिच्या विवरणपत्रावर मी सही कशी द्यायची? नाही म्हटलं तर अडवणूक केल्याचा ठपका. हा त्रास इतका सार्वत्रिक आहे की जून २०१८ मध्येच अर्थ मंत्रालयाला पत्रक काढावं लागलं. नोंदणी करून देणाऱ्यांनी स्वतःचेच ईमेल आणि मोबाइल टाकल्याच्या तक्रारी आल्या होत्या, आणि ते बदलून देण्याची सोय त्या भागातल्या कर अधिकाऱ्यामार्फत करून दिली गेली. लॉगिन हातात असेल तर तेवढंही लागत नाही, पोर्टलवर दुरुस्तीचा अर्ज भरून नंबर बदलतो.

आता मी निंबळकच्या बाजूला एका फॅब्रिकेशनवाल्याकडे आहे. हे मालकही कॉम्प्युटरला हात लावत नाहीत. पण फर्मचा फोन त्यांच्या टेबलावर असतो, ओटीपी ते स्वतः वाचून दाखवतात, आणि वाचण्याआधी विचारतात, “कशाचा आहे हा?” मला एवढं पुरतं.

तुमच्या फोनवर मालकाचा ओटीपी येत असेल, तर नंबर बदलण्याचा अर्ज याच आठवड्यात करायला लावा. आणि नोकरी सोडायची वेळ आलीच, तर लॉगिनची, फायलींची, प्रोग्रॅमची यादी दोन प्रतींत करा, एक मालकाला द्या, दुसरीवर त्यांची पोच घ्या आणि ती घरी जपून ठेवा.